सतरा नंबरची गाठ

नवीन मूल आलं की भिंगआजोबा त्याला पहिल्या रविवारी एकच गोष्ट सांगायचे. "जे दिसतंय ते लिहायचं. जे दिसावंसं वाटतंय ते नाही."

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी चाळीस वर्षं काचा घासल्या होत्या. लोकांना नीट दिसावं म्हणून स्वतःचे डोळे बारीक करत बसायचं, हाच धंदा. काम सुटलं तेव्हा मालकाने एक पितळी कडीचं भिंग हातावर ठेवलं. ते खिशात टाकून आजोबा रोज बागेत येऊ लागले. एक दिवस एका पोराने मुंगळा दाखवा म्हणून हट्ट धरला, दुसऱ्या दिवशी तिघं आली, आणि बघता बघता रविवार सकाळचा वर्गच भरायला लागला. खरं नाव मागे पडलं आणि भिंगआजोबा हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या बागेचं एक मंडळ होतं. वीसेक हौशी माणसं, वर्षाचे ठरलेले कार्यक्रम. पानगळ झाली की पानं गोळा करून खड्ड्यात भरायची आणि त्याच आठवड्यात कुंपणाकडेने मुलांच्या हातून तुतीच्या फांद्या लावायच्या. थंडीत झाडांभोवती पाण्याची आळी करायची. उन्हाळा संपता संपता हजेरी. ही हजेरी म्हणजे भिंगआजोबांचीच कल्पना. प्रत्येक मुलाचं एक झाड, झाडाला पत्र्याचा नंबर. शाळेसारखा नंबर पुकारायचा आणि झाडाला तोंड नाही म्हणून त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाने त्याच्या वतीने ओरडायचं, "हजर!" झाड जगलं नसेल तर म्हणायचं, "गैरहजर." मग सगळ्यांनी एक मिनिट गप्प उभं राहायचं.

असं गप्प राहायची वेळ पहिल्या वर्षी तेवढी आली. एका लहानग्या मुलीने "गैरहजर" म्हटलं आणि ती इतकी रडली की तिला उलटी झाली. आजोबांना ते बघवलं नाही. पुढच्या वर्षापासून त्यांनी एक युक्ती काढली. फाटकाजवळच्या म्हाताऱ्या तुतीच्या चाळीस फांद्या बागेत लावायच्या, त्याच झाडाच्या आणखी चाळीस घरी, गॅलरीत, दुधाच्या पिशव्यांमध्ये. बागेतली एखादी वाळली की पहाटे जाऊन ती उपटायची, घरची लावायची, पत्र्याचा नंबर हिचा काढून तिला अडकवायचा. एकाच झाडाची लेकरं. कोण ओळखणार?

घरी फक्त सुनेला माहीत होतं, कारण गॅलरी तिची होती.

"बाबा, वाळत घातलेला एक टॉवेल सरळ पडत नाही खाली," ती म्हणायची. "सगळीकडे तुमच्या झाडांची जुळी भावंडं."

"पोरांसाठी करतो गं. नऊ वर्षांचं पोर रडतं ते बघवत नाही."

"मेलं तर मेलं म्हणून सांगावं. लहानपणी आमचा ससा मेला तेव्हा आम्ही काय मेलो का?"

"तुला नाही कळायचं."

"मला सगळं कळतं." ती पिशव्या पायाने बाजूला सारायची. "पोर रडतं ते बघवत नाही, की आजोबांच्या हातचं झाड मेलं असं कुणी म्हटलेलं ऐकवत नाही?"

आजोबा यावर झारी उचलून आत निघून जायचे.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मंडळात सेक्रेटरीबाई नवीन आल्या. बाई कामाच्या, पण त्यांना सगळं चकचकीत लागायचं. त्यांच्या ओळखीचे एक सर होते, मुलांना मैदानी खेळ शिकवणारे. गळ्यात शिट्टी, कमरेला छोटा लाउडस्पीकर. मुलांचा रविवार शिट्टीसरांना द्यावा असं बाईंच्या मनात होतं. भर सभेत त्या गोड आवाजात म्हणाल्या, "आजोबा थकलेत आता. आपण त्यांना किती राबवायचं? असं करू, यंदाच्या हजेरीत एक जरी झाड गैरहजर निघालं, तरी आजोबांना मोकळं करू. अवजारांच्या शेडची किल्लीही सर सांभाळतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आजोबांनीही डोलावली. काय करणार? घरी गेल्यावर मात्र त्यांना जेवण गेलं नाही. बायको गेल्यापासून त्यांच्या आठवड्याला एकच दिवस उरला होता, रविवार. बाकीचे सहा त्याच्याकडे जाणारी वाट. तो काढून घेतला तर माणसाने सकाळी उठून चपला घालायच्या कशासाठी?

वर्गात एक मुलगी होती. अंगाने बारकी, कामाने सावकाश, एका ओळीत चालणारी, म्हणून मुलं तिला मुंगी म्हणायची. आई दवाखान्यात नर्स. घरात दोघीच. मुंगीला पळापळीच्या खेळात कुणी घ्यायचं नाही, पण भिंग हातात आलं की ती जागची हलायची नाही. तिचं झाड सतरा नंबरचं. दर रविवारी ती वहीत त्याचं चित्र काढायची. किती पानं, त्यातली अखंड किती, कातरलेली किती, पट्टीने मोजलेली उंची. तुतीचं एक पान दुसऱ्यासारखं नसतं हे आजोबांनी शिकवलं होतं. पण ते खरं मानून शेवटपर्यंत मोजत बसणारी ती एकटीच.

वसंतात एकदा चेंडू येऊन सतराव्या झाडाची एक फांदी मोडली. जखम भरली आणि तिथे गाठ धरली, वाकडी, एका बाजूला ओठासारखी दुमडलेली. मुंगीने ती गाठ भिंगातून बघत बघत पाऊण तास खपून वहीत काढली. वह्या तपासताना आजोबा त्या पानावर थांबले. खाली वाकून त्यांनी झाडाची गाठ बघितली, मग वहीतली, मग पुन्हा झाडाची. इतकी हुबेहूब उतरली होती की त्यांच्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षं काचा घासल्या, पण असा डोळा त्यांनी कुठल्याच चष्म्यामागे बघितला नव्हता.

"मुंगे," ते तिच्या कानाशी हळूच म्हणाले, "ही गाठ म्हणजे या झाडाची ओळख बरं का. दुसऱ्या कुठल्याही झाडाला ही जमायची नाही. जन्मात नाही."

आणि लाल पेन्सिलीने पानाखाली "छान" लिहून त्यांनी सही केली. मुंगी घरी जाईपर्यंत वही छातीशी धरून होती.

मग उन्हाळा आला. बागेची पाण्याची लाइन फुटली आणि दुरुस्तीला आठ दिवस लागले. आजोबा घरून बादल्या नेऊन नेऊन थकले, पण एका म्हाताऱ्याच्या बादल्या चाळीस झाडांना किती पुरणार? सात झाडं वाळली. त्यातलं एक सतरा नंबरचं.

मुंगी तेव्हा तापाने अंथरुणावर होती. तीन रविवार आलीच नव्हती.

सहा झाडं आजोबांनी बिनघोर बदलली. सातवं उपटताना अंगठ्याखाली ती गाठ लागली आणि ते उकिडवे बसले तसे बसूनच राहिले. फाटक लोकांसाठी उघडायला अजून अर्धा तास होता. तिला घरी जाऊन सांगावं, पोरी, तुझं झाड गेलं. ती रडेल. रडून उठेल आणि हजेरीला येऊन सांगेल, गैरहजर. मग किल्ली शिट्टीसरांच्या खिशात.

'तीन आठवडे आजारी होती,' त्यांनी स्वतःला समजावलं. 'कुठे लक्षात असणार?'

नवीन फांदी लावली. आळं सारखं केलं. पत्रा अडकवला. वाळलेली काठी शेडमागच्या पानांच्या खड्ड्यात टाकून दिली. वहीची आठवण त्यांना झालीच नाही. म्हणजे झाली असेल, पण त्यांनी ती होऊ दिली नाही.

हजेरीच्या दिवशी बाग नवरीसारखी नटलेली. पताका, खुर्च्या, उद्यान खात्याचे एक साहेब पाहुणे. मुलं आपापल्या झाडाशी उभी, मागे आईवडील. सेक्रेटरीबाईंच्या हातात यादी आणि शेजारी शिट्टीसर लाउडस्पीकर लावून.

"एक!"

"हजर!"

"दोन!"

"हजर!"

आवाज कुंपणाकडेने पुढे पुढे सरकत होता आणि आजोबांचा जीव प्रत्येक नंबराबरोबर थोडा थोडा भांड्यात पडत होता. बदललेली पाच झाडं मध्ये येऊन गेली. पाचही हजर.

"सतरा!"

उत्तर नाही.

मुंगी झाडासमोर गुडघ्यांवर बसली होती. आजारातून उठलेली, गाल बसलेले. एका हातात वही उघडी, दुसऱ्या हाताचं बोट खोडावरून वर वर जाणारं.

"सतरा! अगं ए, झोपलीस का?"

ती उठली. "गैरहजर," म्हणाली.

क्षणभर कुणाला काही कळेना, कारण तिच्या शेजारी हिरवंगार झाड उभं. मग कुठून तरी हसू फुटलं आणि पसरत गेलं.

"बाळ," शिट्टीसर लाउडस्पीकरवरून म्हणाले, "हे काय मग? केळीचं झाड आहे का?"

पुन्हा हसू. मुंगीने ते संपेपर्यंत वाट बघितली. "झाड आहे. पण हे सतरा नंबर नाही. माझ्या झाडाला इथे गाठ होती. याला नाही. माझं गुडघ्याच्या वर चार बोटं होतं, हे कमी आहे. कुणीतरी बदललंय."

सेक्रेटरीबाईंनी कान टवकारले. हसू तोंडावर तसंच ठेवून त्या तुरुतुरु चालत आल्या. "बघू गं वही." त्यांनी पान बघितलं, झाड बघितलं, खाली वाकून पुन्हा बघितलं. मग वही उंच धरून त्या वळल्या. "आजोबा, जरा इकडे या. ही सही तुमचीच ना?"

आजोबा गेले. पाय चालत होते एवढंच त्यांना कळत होतं. पानावरची ती ओठासारखी दुमडलेली गाठ त्यांनी ओळखली, त्याखालचं लाल "छान" ओळखलं.

"माझीच," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही हे चित्र तपासलंत. गाठ होती. मग आता कुठे गेली?"

साहेबांनी घड्याळात बघितलं. मुंगी मात्र आजोबांकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, निवांतपणा होता. आता आजोबा सांगतील, की हो, गाठ होती, आम्ही दोघांनी बघितली होती. एवढा सरळ विश्वास आजोबांनी कुणाच्याच डोळ्यांत बघितला नव्हता, आणि त्याच क्षणी शिट्टीसरांच्या बोटाभोवती गरगर फिरणारी शिट्टीही त्यांना दिसत होती.

ते हसले. म्हाताऱ्यांनी हसावं तसं, मान हलवत.

"अहो बाई, चाळीस पोरांच्या चाळीस वह्या. मी सगळ्यांनाच छान लिहितो. बघून थोडंच लिहितो?"

मोठा हशा पिकला. साहेबसुद्धा हसले.

"आणि तापातून उठलीय बिचारी," आजोबा पुढे बोलत राहिले, कारण एकदा सुरुवात झाल्यावर थांबायला जागाच नव्हती. "चित्रात मुलं काहीही काढतात. आमची एक पोरगी तर झाडाला शेपूट काढते."

मुंगीने वहीकडे बघितलं. आधीची पानं उलटली. एकावर छान, दुसऱ्यावर छान, त्याच्या आधीच्यावर छान. उलटता उलटता तिचा हात थांबला.

"तुम्ही वाकून बघितलं होतं," ती हळू म्हणाली. "तुम्ही माझ्या कानात..."

"पुरे!" तिची आई गर्दीतून पुढे आली होती. रात्रपाळी करून तशीच आलेली, अंगावर अजून दवाखान्याचा गणवेश. चार लोकांत शोभा झाली म्हणून तिचा चेहरा लालभडक. तिने मुंगीच्या पाठीत एक धपाटा घातला, कोरडा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मोठ्या माणसांना खोटं पाडतेस? हेच शिकतेस का इथे?"

'इथे हेच शिकते,' असं आजोबांच्या जिभेवर आलं होतं का? आलं असलं तरी तिथेच राहिलं. ते आपल्या चपलांकडे बघत उभे राहिले.

"नीट सांग," आई म्हणाली. "हजर की गैरहजर?"

आईची बोटं तिच्या दंडात रुतली.

"हजर."

"मोठ्याने."

"हजर!"

टाळ्या वाजल्या. "शाबास!" शिट्टीसर लाउडस्पीकरवरून म्हणाले. "अठरा!"

चाळीसच्या चाळीस हजर निघाली. सेक्रेटरीबाईंनी हजेरीपुरती मागून घेतलेली किल्ली आजोबांच्या हातात परत दिली आणि साहेबांसोबत फोटो काढून घेतला. पलीकडे मुलांना नवा खेळ सापडला होता. मुंगी दिसली की एकाने ओरडायचं, "मुंगे, तुला नाक आहे का गं?" आणि बाकीच्यांनी एका सुरात, "गैरहजर!" मग डोळे, कान, अक्कल, बाप. बाप आल्यावर मुलं सगळ्यात जास्त हसली. आजोबा खुर्च्या उचलत होते. त्यांना ऐकू जात होतं. त्यांनी आणखी दोन खुर्च्या उचलल्या.

सगळे गेल्यावर ते शेडमागे गेले. खड्ड्यात गुडघाभर उतरून त्यांनी ती काठी शोधली. डोळ्यांनी दिसेना, पण अंगठ्याला गाठ लगेच लागली. कुणी शोधायला येणार नव्हतं. तरी त्यांनी काठी गुडघ्यावर ठेवून मोडली, गाठ होती तिथेच. दोन्ही तुकडे कुजक्या पानांत खोल दाबले आणि हात धुऊन शेडला कुलूप लावलं.

घरी सुनेने विचारलं, "काय झालं हजेरीचं?"

"सगळी हजर."

तिने त्यांच्या नखांतली काळी माती बघितली. काही विचारलं नाही, नुसतं गरम पाणी काढून दिलं. त्यांना वाटलं, हिने काहीतरी टाकून बोलावं. पण तिने ताट वाढायला घेतलं.

पुढच्या रविवारी वर्ग नेहमीसारखा भरला. उलट दहा-बारा पोरं नवीनच. चाळीसपैकी चाळीस झाडं जगवणारा म्हातारा म्हणून आजोबांचं नाव झालं होतं. सगळ्यात शेवटी नर्सबाई मुंगीचा हात धरून आल्या.

"आजोबा, हिला माफी मागायचीय."

"अहो, कशाला..."

"नाही, मागू दे. वळण लागायला हवं."

मुंगीने मान वर केली. "चुकले. पुन्हा असं करणार नाही," एका दमात म्हणाली, पाढा म्हणावा तसं.

नवी जुनी सगळी मुलं बघत होती. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे, असू दे. विसरलो मी."

आई समाधानाने निघून गेली. आजोबांनी भिंग काढलं आणि मुलांची झाडांप्रमाणे वाटणी केली, नवीन मुलं जुन्यांच्या जोडीला. नवीन मुलांना सांगायचं ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलं. जे दिसतंय ते... पुढे त्यांना खोकला आला. "जा, लिहा काहीतरी," ते म्हणाले.

तासाभराने वह्या आल्या. रांगेत मुंगी तिसरी. तिच्या पानावर वर तारीख होती, सतरा हा आकडा होता आणि खाली सगळं कोरं.

"हे काय? काहीच नाही लिहिलंस?"

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. ती खरंच विचारत होती, शहाण्या मुलांनी विचारावं तसं. "काय दिसतंय म्हणून लिहू?"

मागची मुलं ढकलाढकली करत होती. "आजोबा, लवकर!"

आजोबांनी भिंग तिच्यापुढे केलं. तिने घेतलं नाही. पेन्सिल तयार धरून ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. कोपऱ्यावर शिट्टीसर कुणाशी तरी बोलत उभे होते, अधूनमधून इकडे बघत.

"लिही," आजोबा म्हणाले. "झाड छान वाढतंय."

तिने लिहिलं.

"पानं हिरवी आहेत."

तिने लिहिलं.

"खोड... खोड सरळ आहे. गाठ नाही."

गाठ नाही, तिने लिहिलं. अक्षर वळणदार, एकही खाडाखोड नाही. मग वही फिरवून सहीसाठी पुढे धरली आणि बोटाने जागा दाखवली.

आजोबांनी लाल पेन्सिल टेकवली. या वेळी त्यांनी खरोखरच पान बघितलं नाही. "छान" लिहिलं, सही केली, आणि मागच्या पोराची वही हातात घेतली.